जुन्या जीपला आणि जिप्सीला पॉवर स्टिअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हेच प्रश्न पुन्हा येतात. कुणी महिंद्राची एमएम ५४० किंवा मेजर, नाहीतर मारुतीची जिप्सी घेतलेली असते, तिला रुंद टायर चढवलेले असतात आणि पहिल्याच ट्रेलनंतर (रस्ता सोडून दगड-चिखलातून केलेल्या सफरीनंतर) खांदे भरून आलेले असतात. मी स्वतः एमएम ५४० चालवतो. तिचं स्टिअरिंग मला दोनदा करावं लागलं, कारण पहिल्यांदा कामाचा क्रम चुकला होता. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल: आधी ढिलाई काढा, मग ताकद घाला.

जुन्या जीपला मुळात पॉवर स्टिअरिंग का नव्हतं?

तिला त्याची गरज नव्हती. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे जोडायला घेतलेली विलीज जीप जेमतेम एक टनाची होती आणि तिला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर होते. अरुंद टायर जमिनीला कमी धरतो, त्यामुळे चाक हाताने सहज वळतं. शिवाय विकत मिळणाऱ्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा आलं तेच १९५१ मध्ये, अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. आपण त्याच जातीच्या गाडीला आता ३१ इंची, साडेदहा इंच रुंद टायर लावतो, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) टांगतो आणि मग स्टिअरिंग जड झालं म्हणतो.

माझ्या गाडीला खरंच पॉवर स्टिअरिंग हवं आहे, की दुसरंच काही बिघडलं आहे?

हे तपासायला एक सकाळ पुरते. पुढची दोन्ही चाकं जॅक आणि स्टँडवर उचला. ड्रॅग लिंकचं (स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचं) एक टोक सोडवा, म्हणजे हा स्टिअरिंगचा बॉक्स एकीकडे आणि चाकं दुसरीकडे अशी दोन कामं वेगळी होतात. आता टायर हाताने धरून डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. तो अडत, घासत किंवा कुठेतरी टप्पा घेत फिरत असेल, तर दोष नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या ॲक्सलच्या टोकाच्या सांध्यात आहे. जिप्सी आणि जुन्या जीपच्या बंद नकलमध्ये किंगपिनची (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं तिची) बेअरिंगं असतात. सील गेलं की आत पाणी शिरतं, ग्रीसचा चिखल होतो आणि बेअरिंगच्या रोलरचे व्रण वाटीवर उमटतात. अशा गाडीचं स्टिअरिंग मध्यावर आलं की एका खाचेत बसल्यासारखं वाटतं.

मग आत बसून नुसतं स्टिअरिंग फिरवा. लिंक सुटलेली असूनही ते जड असेल, तर बॉक्स कोरडा आहे, नाहीतर कुणीतरी तो जास्त आवळला आहे. बॉक्सच्या झाकणावर चेकनट असलेला जो स्क्रू असतो, तो प्ले (ढिलाई) काढण्यासाठी वाटेल तितका आवळायचा नसतो. तो बॉक्स बरोबर मध्यावर असतानाच आणि थोडाच फिरवायचा असतो. तो दाबून घट्ट केला की प्ले गेल्यासारखा वाटतो, पण वळणातून बाहेर पडताना चाक आपणहून सरळ येत नाही. घाटात अशी गाडी भीतिदायक असते.

टायरची हवा, रिमचा ऑफसेट आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) यांच्याकडेही बघा. चाक जितकं बाहेर काढाल, तितकं ते किंगपिनच्या रेषेपासून लांब जातं आणि वळताना टायर जमिनीवर घासत मोठा चाप काढतो. दगडाचा प्रत्येक फटका मग लांब दांड्यावर मारल्यासारखा हातात येतो. स्पेसर काढल्यावर पॉवर स्टिअरिंगचा विचार सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत.

हे सगळं नीट असूनही रुंद टायर, पुढचा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) किंवा विंच यांमुळे जडपणा उरत असेल, तर मात्र पॉवर बसवा. खांद्याचं किंवा मनगटाचं दुखणं असेल तर अजिबात संकोच करू नका.

स्टिअरिंगमध्ये चार बोटं प्ले आहे. पॉवर बसवलं की जाईल ना?

नाही. उलट काही दिवस तो जाणवणार नाही, आणि धोका तिथेच आहे. साध्या स्टिअरिंगमध्ये झिजलेला सांधा हाताला कळतो. पॉवरमध्ये तेलाचा दाब तो सांधा गुपचूप ओढत राहतो, आणि एक दिवस टाय रॉडचं (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं) टोक खोबणीतून बाहेर येतं.

माझी पहिली चूक हीच होती. एका गॅरेजमध्ये पॉवर बॉक्स बसवून घेतला, पण जुने टाय रॉड एंड आणि बॉक्सचं मूळ ब्रॅकेट तसंच ठेवलं. दोन महिन्यांनी ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा दिसला. नशिबाने तो घरी धुताना दिसला.

तपासणीची खात्रीची रीत अशी आहे. गाडी सपाट, खडबडीत जमिनीवर उभी करा, चाकं जमिनीवरच राहू द्या. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे पाव-पाव फेरा सतत हलवत राहायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन कॉलमपासून चाकापर्यंत एकेक सांधा बघत आणि बोटाने चाचपत जायचं: कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट, बॉक्सचे बोल्ट, बॉक्सखालची चासी, ड्रॉप आर्मचा (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणाऱ्या दांड्याचा) नट, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची टोकं, किंगपिन, व्हील बेअरिंग आणि शेवटी स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश. सीजे ३बीसारख्या जुन्या जीपमध्ये मध्ये बेल क्रँकही (पिनेवर फिरून जोर पुढे देणारा जोडदांडा) असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त प्ले त्याच्या पिनेतच सापडतो. एक तुकडा हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, त्या दोघांच्या मध्ये प्ले असतो. चाकं जॅकवर उचलून हे बघितलं तर निम्मे दोष लपतात, कारण सांध्यांवर भारच नसतो.

यात पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्यांचं टोक चासीला धरणारे दुवे) विसरू नका. बॉक्स चासीवर असतो आणि ॲक्सल पाट्यांवर. बुश गेलेले असतील तर स्टिअरिंग फिरवताच आधी अख्खा ॲक्सल बाजूला सरकतो आणि मग चाक वळतं. पॉवरने हे सरकणं वाढतंच.

हायड्रॉलिक घ्यावं की इलेक्ट्रिक?

जिप्सीवाले बहुतेक इलेक्ट्रिककडे वळतात आणि त्याला सबळ कारण आहे. मारुतीच्याच छोट्या गाड्यांमधला मोटरवाला स्टिअरिंग कॉलम भंगार बाजारात सहज मिळतो. पंप, पट्टा, होज, तेल यांतलं काहीच लागत नाही. १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर पंपाचा भारही पडत नाही. काम नीट केलं तर शहरात आणि साध्या ट्रेलवर फार सुखाचं होतं.

पण एक गोष्ट समजून घ्या. कॉलमवरची मोटर तुमच्या हाताचं बळ बॉक्सच्या आधीच वाढवते. म्हणजे वाढलेली सगळी ताकद इंटरमीजिएट शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि साध्या बॉक्सच्या वर्ममधून जाते. ते भाग माणसाच्या हातासाठी बनवलेले होते. हायड्रॉलिक पॉवर बॉक्समध्ये तेलाचा दाब आतल्या पिस्टनवर पडतो आणि पिस्टन थेट सेक्टर शाफ्टला (ज्यावर ड्रॉप आर्म बसतो त्याला) फिरवतो. कॉलमवर फक्त बोटांचा जोर येतो. म्हणून दगडात अडकलेलं चाक वारंवार जोराने वळवायचं असेल, तर मी हायड्रॉलिकच्या बाजूने आहे.

इलेक्ट्रिकच्या आणखी दोन खोड्या आहेत. उभ्या गाडीत सतत चाक फिरवत राहिलं की मोटर तापते आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला मदत कमी करतो. दुसरं म्हणजे त्याला गाडीच्या वेगाचा आणि इंजिनच्या फेऱ्यांचा सिग्नल लागतो. तो मिळाला नाही तर काही कंट्रोलर एक ठरावीक मदत देत राहतात, काही मदत बंदच करतात. ज्या गाडीचा कॉलम घेताय त्याचा कंट्रोलर नेमकं काय करतो, ते टेबलावर बॅटरी लावून आधीच बघा. वेगाबरोबर मदत कमी होत नसेल, तर हायवेवर ८० च्या वेगात चाक बोटाने हलेल इतकं हलकं राहतं. जिप्सीसारख्या उंच, आखूड गाडीला ते मला मुळीच मान्य नाही.

वायरिंगला बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा फ्यूज द्या. मोटर क्षणभर ३०-४० ॲम्पिअर ओढू शकते, आणि पावसात त्याच वेळी हेडलाइट, वायपर, पंखा हे सगळं चालू असतं. कंट्रोलर डॅशबोर्डखाली शक्य तितका वर बसवा. सॉफ्ट टॉपमधून पाणी आत येतंच.

कुठल्या गाडीचा पॉवर बॉक्स बसतो?

लोकांना एक नाव हवं असतं. मी नावापेक्षा बॉक्स हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो, कारण एकाच गाडीचे वेगवेगळ्या सालांचे बॉक्स वेगळे निघतात.

सगळ्यात आधी दिशा बघा. इनपुट शाफ्ट उजवीकडे फिरवल्यावर ड्रॉप आर्म कुठल्या बाजूला जातो, आणि तुमच्या गाडीत तो कुठे जायला हवा? बॉक्स ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, चासीच्या आत आहे की बाहेर, यावर हे अवलंबून असतं. ही दिशा उलटी निघाली तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे वळतात. हा प्रकार बसवून झाल्यावर लक्षात आल्याची उदाहरणं खरीच आहेत.

मग फेरे मोजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात आणि तेवढ्यात ड्रॉप आर्म किती अंशांतून फिरतो? साध्या बॉक्सला फेरे जास्त असतात, पॉवर बॉक्सला साधारण तीन ते चार. ड्रॉप आर्मची लांबी बदलली की चाकाचं वळणंही बदलतं: आखूड आर्म म्हणजे जोर जास्त, वळण कमी. आर्म कापून वेल्ड करून लांबी जुळवू नका. दुसऱ्या गाडीचा योग्य आर्म शोधा. स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दात) जुळत नसतील तर तो बॉक्सच सोडा.

चाकं सरळ असताना बॉक्स त्याच्या आतल्या बरोबर मध्यावर असला पाहिजे. चाकं सरळ, पण बॉक्स अर्धा फेरा एका बाजूला, अशी जोडणी लोक करतात आणि मग स्टिअरिंग व्हील काढून सरळ बसवतात. बॉक्सचे दात फक्त मध्यावर घट्ट बसतील असेच घडवलेले असतात. मध्य चुकला की हायवेवर कायम थोडा प्ले राहतो आणि एका बाजूला गाडी कमी वळते. लांबी ड्रॅग लिंकवर जुळवा, स्टिअरिंग व्हीलवर नाही. नकलवरचा स्टॉप बोल्टही असा लावा की चाक आधी त्यावर टेकेल आणि बॉक्सच्या आतल्या टोकाला थोडी जागा उरेल.

पंप कुठला, आणि पुलीचा काय संबंध?

पंप आणि बॉक्स एकाच गाडीचे घेतले तर डोकेदुखी कमी. दोन वेगळ्या गाड्यांचे घेतलेत तर पंपाचा दाब आणि प्रवाह बॉक्सला चालणारा असावा. अशा गाड्यांचे पंप साधारण ७० ते १०० बारच्या आसपास दाब देतात. दाब कमी पडला तर चाक जड राहतं. प्रवाह कमी पडला तर हळू फिरवताना हलकं वाटतं, पण झटकन फिरवलं की मध्येच भिंत लागल्यासारखं अडतं.

पुलीकडे लोक दुर्लक्ष करतात. ट्रेलवर आपण आयडलवर, लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) रांगत असतो आणि नेमकी तेव्हाच मदत सगळ्यात जास्त हवी असते. पंपाची पुली मोठी असेल तर पंप सावकाश फिरतो आणि आयडलला मदत मिळत नाही. जुनी डिझेल इंजिनं कमी फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे पेट्रोल गाडीतून काढलेला पंप त्याच पुलीसह लावला तर तो अपुरा पडू शकतो. क्रँकवर दुसरी खाच असलेली पुली शोधा. लेथवर करून घेतलीत तर ती नीट बॅलन्स झालेली असावी आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही, ते सरळ पट्टी लावून बघा. ओढ्यातून गेल्यावर ओला पट्टा घसरला की स्टिअरिंग अचानक दगडासारखं होतं. पट्टा पुलीला जास्तीत जास्त वेढा घेईल अशा जागी पंप बसवा आणि ताण देण्यासाठी ब्रॅकेटला लांब खाच ठेवा.

होज जेसीबीवाल्याकडून क्रिम्प (टोकं दाबून बसवून) करून घेतली तर चालेल?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं भरपूर आहेत आणि बहुतेक जण तिथूनच करून घेतात. दाबाच्या बाबतीत दोन जाळ्यांची होज आपल्या गरजेपेक्षा कितीतरी भक्कम असते. अडचण उष्णतेची आहे. साधी हायड्रॉलिक होज साधारण १०० अंशांपर्यंतच्या तेलासाठी असते आणि ट्रेलवर स्टिअरिंगचं तेल त्याच्या वर जाऊ शकतं. दुसरं म्हणजे, कारखान्यातून येणारी प्रेशर होज किंचित फुगेल अशी मुद्दाम बनवलेली असते. पंपाचे ठोके ती गिळते. जेसीबीची ताठ होज ते तसेच पुढे पाठवते, म्हणून केबिनमध्ये गुणगुण ऐकू येते. तो आवाज बिघाडाचा नसतो.

एक्झॉस्टपासून होज लांब ठेवा. इंजिन रबर माउंटवर हलतं आणि बॉक्स चासीवर स्थिर असतो, म्हणून होजला थोडी ढील हवी. स्टिअरिंग तेलाच्या टाकीपासून पंपाकडे येणारी होज आखूड, रुंद आणि न वाकलेली असावी. तिथे जुनं पेट्रोल पाइपचं रबर लावलं तर ते चपटतं आणि पंप हवा ओढतो.

तेल कुठलं? कूलर लागतो का?

बॉक्स आणि पंप ज्या गाडीचे आहेत, तिच्या पुस्तकात लिहिलेलंच. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, पण सगळ्यांना नाही. दोन प्रकार मिसळू नका. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी सीलं फुगून जातात.

कूलर लावाच, असं माझं मत आहे. हायवेवर वाऱ्याने तेल थंड राहतं. ट्रेलवर वेग माणसाच्या चालण्याइतका असतो आणि आपण सतत चाक टोकापर्यंत नेतो. टोकाला धरून ठेवलं की रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडतो आणि पंपाची सगळी मेहनत तेल तापवण्यात जाते. पाच सेकंदांपेक्षा जास्त टोकाला धरू नका. सवय लावून घ्या की टोक लागलं की बोटभर परत सोडायचं. कूलर परतीच्या होजमध्ये बसतो, दाबाच्या नाही. बारीक जाळीचा कूलर खाली लावला तर कोकणातली लाल माती त्यात पहिल्याच दिवशी लिंपली जाते. साधा, उघड्या पंखांचा किंवा नुसत्या नळीचा कूलर वर लावलेला बरा.

बॉक्स चासीला कसा धरावा?

या उत्तरासाठी घाई करू नका. गाडीचं बाकी सगळं चुकलं तर ती उभी राहील. हे चुकलं तर ती वळणार नाही.

बॉक्स जेवढ्या जोराने चाक ढकलतो, तेवढ्याच जोराने उलट दिशेला चासी ढकलतो. जुन्या चासीचा पत्रा हाताच्या बळासाठी पुरेसा होता. पॉवरनंतर तो बोल्टांभोवती श्वास घेतल्यासारखा हलू लागतो आणि भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो. म्हणून आधी रंग खरवडून चासी पूर्ण उघडी करा आणि जुने तडे शोधा. मग बाहेरून पट्टी अशी लावा की तिची टोकं निमुळती असतील. चौकोनी कापलेल्या पट्टीच्या उभ्या वेल्डपाशीच नवा तडा जातो. चासीचा भाग पेटीसारखा बंद असेल, तर बोल्ट जिथून आरपार जातो तिथे आत जाड नळीचा तुकडा वेल्ड करून घ्या. नाहीतर बोल्ट आवळला की चासीच दबते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर तसा शिक्का असलेले. त्यांचे आटे भोकात येऊ देऊ नका, साधा दांडा भोकात यायला हवा. शक्य असेल तर चासीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी नळी बॉक्सजवळ द्या.

वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढा आणि बॉक्स काढून ठेवा. बॉक्स जागेवर ठेवून वेल्ड केलं तर आतली सीलं भाजतात.

कॉलम आणि बॉक्स यांच्यामध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट असतील तर त्यांचे काटे एका रेषेत हवेत. कोन ३० अंशांच्या वर गेला तर फिरवताना हलकं-जड, हलकं-जड लागतं. जॉइंटला वेल्ड करायची वेळ आलीच, तर वेल्डवर भरवसा ठेवू नका. स्प्लाइन किंवा डबल डी (दोन बाजूंनी चपटा) शाफ्ट शोधा.

लिफ्ट किटनंतर (गाडी उंच करून घेतल्यावर) गाडी रस्त्यावर भरकटते. पॉवरने सुधारेल?

नाही, आणखी बिघडेल. लिफ्टमुळे ड्रॅग लिंक तिरकी होते. खड्ड्यात ॲक्सल वर गेला की ती चाकाला आपोआप वळवते. लांब शॅकल लावले असतील तर ॲक्सल कलंडून कॅस्टरही (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असू शकतो. अलाइनमेंटवाल्याकडे फक्त टो (चाकं आत-बाहेर वळलेली आहेत का) बघून घेऊ नका, कॅस्टर मोजायला सांगा. पाट्यांच्या बैठकीत पाचर घालून तो वाढवता येतो. साध्या स्टिअरिंगमध्ये कॅस्टर वाढला की चाक जड होतं म्हणून पूर्वी तो कमी ठेवत. पॉवर आल्यावर थोडा जास्त ठेवायची मोकळीक मिळते, आणि गाडी सरळ धावते. हा पॉवरचा एक खरा फायदा आहे.

स्टिअरिंग डँपर लावल्यावर पुढची चाकं थरथरायची थांबतील का?

थांबतील, पण ज्या झिजलेल्या सांध्यामुळे ती थरथरतात तो तसाच राहील. आधी तो शोधा.

माझ्याकडे थार आहे, तिला पॉवर आधीच आहे. काय सुधारावं?

२०१० ते २०२० मधल्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थारला आणि २०२० च्या नव्या थारला हायड्रॉलिक पॉवर आहे. २०२४ च्या थार रॉक्सला इलेक्ट्रिक. या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे वर सांगितलेलं बॉक्स आणि ड्रॅग लिंकचं गणित त्यांना लागू होत नाही; त्यांत बॉक्सऐवजी रॅक (आडवा दातेरी दांडा) असते. हायड्रॉलिक असेल तर तेल वेळेवर बदला आणि कूलरचा विचार करा. रॅकचे रबरी बूट दर ट्रेलनंतर बघा. बूट फाटला की चिखल आत जातो आणि सील कापतो. टाय रॉडची टोकं सुटी सोबत ठेवा. टाय रॉड अतिजाड करून घेऊ नका. वाकलेला रॉड ट्रेलवर बदलता येतो, मोडलेली रॅक नाही.

स्पर्धेच्या गाड्यांना हायड्रॉलिक रॅम असतो. मी लावू का?

टाय रॉडवर सिलिंडर लावून बॉक्सला मदत देणं, हा एक प्रकार. बॉक्स आणि चाकं यांची लोखंडी जोड त्यात कायम राहते, त्यामुळे होज फुटली तरी गाडी वळते. ३५ इंचांच्या वरच्या टायरांना तो शोभतो. दुसऱ्या प्रकारात लिंकेज नसतंच, फक्त तेल. २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी गाडी ट्रेलरवरून नेत असाल तर ठीक. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते कधीच लावू नका. होज गेली की स्टिअरिंग व्हील नुसतं फिरत राहतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम करण्याआधी तुमच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. उत्पादकाने त्याच मॉडेलला पर्याय म्हणून दिलेले भाग वापरता आले तर बाजू बरीच भक्कम होते.

चढावर इंजिन बंद पडलं तर?

पॉवर बसवलेल्या प्रत्येकाने याचा सराव करावा असं मला मनापासून वाटतं. इंजिन थांबलं की पंप थांबतो. पॉवर बॉक्सचे फेरे कमी असतात, त्यामुळे बंद इंजिनावर तो तुमच्या जुन्या साध्या बॉक्सपेक्षाही जड लागतो. त्याच वेळी ब्रेकचा व्हॅक्यूमही संपत येतो. उलट उताराला गाडी मागे सरकू लागली की माणूस घाबरून चाक फिरवायला जातो आणि ते हलत नाही. गाडी गिअरमध्येच राहू द्या, ब्रेक दाबून धरा, क्लच दाबू नका. एखाद्या मोकळ्या सपाट मैदानावर कुणी गाडी ढकलत असताना इंजिन बंद, पण किल्ली चालू ठेवून चाक फिरवून बघा, म्हणजे किती जोर लागतो ते हातांना आधीच माहीत असेल. किल्ली पूर्ण काढू नका, काही गाड्यांचं स्टिअरिंग लॉक होतं.

आणि अंगठे स्टिअरिंग व्हीलच्या आत अडकवू नका, पॉवर असली तरी. ओढ्यातला बेसॉल्टचा धोंडा चाकाला हिसका देतो तेव्हा स्टिअरिंग व्हीलचा आरा थेट अंगठ्यावर येतो.

नवीन पंप घुरघुरतो आणि तेलाला फेस येतो.

आत हवा आहे. पुढची चाकं उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा, टाकी भरत राहा. मग इंजिन आयडलवर सुरू करून पुन्हा तेच, टोकाला न थांबता. तेल दुधाळ दिसलं तर तासभर तसंच सोडा. तरीही फेस येतच राहिला तर ओढणाऱ्या होजची क्लिप बघा, बहुतेक वेळा तीच ढिली असते.

पहिल्या ट्रेलआधी काय करू, आणि सोबत काय नेऊ?

शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. चाकं दोन्ही टोकांना नेऊन, आणि एक चाक दगडावर चढवून, होज कुठे ताणते किंवा टायर कुठे घासतो ते बघा. सपाट जमिनीवर हे कळत नाही.

सोबत एक पट्टा, एक लिटर तेल, दोन होज क्लिपा, टाय रॉडची दोन टोकं, त्यांचे नट, मूठभर कॉटर पिना आणि त्या नटांना बसणारा पाना घ्या. तेलाची बाटली पुढच्या सीटखाली ठेवा. मागे सामानाखाली ठेवली, तर पाऊस पडत असताना अख्खी गाडी रिकामी करून ती शोधावी लागते.